छायाचित्र : अस्सल आणि नक्कल

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाची स्मरणिका हाती येताच घरोघर प्रथम उघडली जातात ती छायाचित्रांची पाने. गुणवंत विद्यार्थी, नवपरिणीत दांपत्ये, सहस्रचंद्रदर्शन झालेले वडीलधारे, आणि शेवटी काळ्या चौकटीतील दिवंगत ज्ञातिबांधव, असा त्या पानांचा क्रम असतो. लेख वाचावयाचे राहून जातात, परंतु ही पाने लहानथोर सारे पाहतात. एका अर्थी ती आपली सचित्र वंशावळच होय. स्मरणिकेसाठी छायाचित्रे जमविण्याचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले आहे, आणि त्या पानांविषयी एक तक्रार गेली काही वर्षे सातत्याने येते. "आमच्या फोनवर चित्र किती तेजस्वी होते, आणि अंकात ते असे मळकट का छापले?" बहुतेक जण दोष छापखान्याला देतात, काही जण आम्हाला देतात. आजच्या व्याख्यानात कोणाची वकिली करावयाची नाही. हा तेजोभंग कोठे होतो, तो टाळावा कसा, आणि मूळ चित्र पुढील पिढीसाठी जपावे कसे, एवढ्याच गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

हा विचार छपाईपुरता नाही. सांगलीकरांना तो अधिक पटेल. २००५ साली, पुन्हा २०१९ साली आणि २०२१ सालीही कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगली नगरवाचनालयासारख्या जुन्या संस्थेच्या ग्रंथांचीही त्या पुरात मोठी हानी झाली. मग घरातील लाकडी कपाटांतल्या अल्बमांची काय कथा! पाणी ओसरल्यावर अल्बमची पाने एकमेकांना चिकटलेली आढळली आणि ती सोडवू जाता चेहरे निघून आले. भांडी पुन्हा घेता येतात, फर्निचर पुन्हा करता येते; आजोबांचा चेहरा बाजारात मिळत नाही. आज आपली चित्रे कागदावर राहिली नाहीत, फोनात गेली आहेत. तेथे पुराचे पाणी शिरत नसले, तरी दुसऱ्या प्रकारची झीज चालू असते. ती निमूटपणे चालते म्हणून तिची वार्ता लागत नाही, एवढाच काय तो फरक.

या झिजेचे मूळ समजण्यासाठी प्रथम प्रकाशाविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. भर दुपारी अंगणात जो उजेड असतो तो मोजमापाच्या भाषेत सुमारे एक लाख लक्स इतका असतो. त्याच वेळी माजघरात, खिडकीतून येणाऱ्या उजेडावर, तो शंभरच्या आसपास असू शकतो. म्हणजे हजारपटीचे अंतर. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारखान्यात गेलेल्यांनी हे पाहिले असेल. कारागीर दाराशी बसून भोपळ्यावर काम करीत असतो. दाराबाहेर लख्ख ऊन, आणि मागे भिंतीला टांगलेले तंबोरे अंधारात. आपला डोळा क्षणात बाहेर आणि क्षणात आत जुळवून घेतो आणि आपल्याला दोन्ही दिसते. कॅमेऱ्याला एकाच क्षणी एकच निवड करावी लागते. बाहेरचे ऊन नीट घ्यावे तर तंबोरे काळेठिक्कर, आणि तंबोरे नीट घ्यावेत तर दार म्हणजे एक पांढरा ठिपका.

ही अडचण नवी नव्हे. ती छायाचित्रकलेइतकीच जुनी आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तिच्या कार्यात भाग घेतला. त्या काळच्या काचपट्टीवरील चित्रांत आकाश बहुधा कोरे पांढरे उमटत असे. १८५६–५७ च्या सुमारास फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने यावर तोड काढली. त्याने समुद्राची एक काच घेतली, आकाशाची दुसरी घेतली, आणि दोहोंवरून मिळून एकच चित्र कागदावर उतरविले. पुढे गावोगावच्या स्टुडिओतील फोटोग्राफर अंधाऱ्या खोलीत हाताच्या सावलीने चित्राचा एक भाग झाकीत आणि दुसरा अधिक तापवीत, तेही याच हेतूने. निगेटिव्हमध्ये जेवढे उमटले असे तेवढे कागदावर मावत नसे. काय ठेवावे आणि काय सोडावे हे त्या माणसाचे कसब असे. म्हणूनच जाणता फोटोग्राफर गिऱ्हाइकाला कागद देई आणि निगेटिव्ह मात्र नंबर घालून आपल्या पेटीत ठेवी. हा पेटीचा मुद्दा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचीच गरज लागणार आहे.

आता आजच्या फोनाकडे वळू. ज्याला एचडीआर म्हणतात, म्हणजे विस्तृत प्रकाशश्रेणीचे छायाचित्र, ते ल ग्रेच्याच युक्तीचे नवे रूप आहे. आपण एकदा बटण दाबतो, परंतु फोन लागोपाठ अनेक चित्रे टिपतो. त्यांतील काही मुद्दाम कमी उजेडाची असतात. ती सारी एकावर एक जुळवून तो एक चित्र सिद्ध करतो. आश्विनात कास पठारावर काढलेल्या चित्रात वरचा पांढराशुभ्र ढग आणि खाली काळ्या कातळावरचा गुलाबी तेरडा, दोन्ही दिसतात, ते यामुळे.

येथवर सर्व ठीक. परंतु अलीकडे यात आणखी एक पायरी वाढली आहे आणि बहुतेक घोटाळा तेथे होतो. नव्या फोनांचे पडदे साध्या पांढऱ्या रंगापेक्षा कितीतरी अधिक तेजाने चित्रातील काही भाग उजळू शकतात. त्यासाठी फोन एकाच फायलीत दोन गोष्टी ठेवतो. एक म्हणजे साधे चित्र, जे कोणत्याही यंत्रावर दिसावे. आणि त्याच्या पोटात दडविलेला एक तक्ता, ज्यात चित्राचा कोणता भाग किती पट उजळावा हे लिहिलेले असते. या तक्त्याला तंत्रज्ञ गेन मॅप म्हणतात. आपण त्याला उजेडतक्ता म्हणू. आयफोनात असे तक्ते काही वर्षांपासून आहेत. अँड्रॉइडने २०२३ साली आपल्या चौदाव्या आवृत्तीत अल्ट्रा एचडीआर या नावाने ते आणले. आणि त्यांच्या रचनेचे आंतरराष्ट्रीय मानक २०२५ साली प्रसिद्ध झाले. सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी आजींना ओवाळण्यासाठी लावलेल्या एक्याऐंशी निरांजनांच्या ज्योती फोनवर खरोखर पेटल्यासारख्या दिसतात, ते तेज या तक्त्याचे असते. तक्ता गळून पडला की साधे चित्र उरते आणि पाहणाराला वाटते, चित्र विझले.

चित्र बिघडले की चिडण्याऐवजी शेतकऱ्याने वागावे तसे वागावे. शेताच्या टोकाला पाणी पोहोचले नाही तर शेतकरी पाटाच्या मुखापासून चालत येतो आणि कोठे फुटले आहे ते पाहतो. चित्राचाही असाच माग काढावा. आम्ही लक्षणांच्या क्रमाने सांगतो.

पहिले लक्षण : चित्र स्वच्छ व रेखीव आहे, पण तेज गेले आहे. हे दिसताच मूळ फोनमध्ये मूळ चित्र उघडावे आणि पडद्याचे वाढीव तेज बंद करून पाहावे. आयफोनमध्ये फोटोंच्या सेटिंगात 'व्ह्यू फुल एचडीआर' नावाची कळ आहे. ती बंद करता येते. आता मूळ चित्रही तितकेच फिके दिसले, तर समजावे की चित्रातील तपशील कोठे सांडलेला नाही. केवळ उजेडतक्ता वाटेत गळला. जुने सॉफ्टवेअर त्या तक्त्याला ओळखत नाही. चित्र कापून किंवा फिरवून पुन्हा जतन केले की ते तक्ता टाकून देते. संदेशातून फोटो पाठवितानाही पुष्कळदा हेच घडते. यावर उपाय दोन. पडद्यावरच पाहावयाचे असेल तर मूळ फाईल जशीच्या तशी द्यावी. छापावयाचे असेल तर तक्त्याचा मोह सोडून साधे चित्रच नीट उजळ करून घ्यावे. कारण कागदाला स्वतःचे तेज नसते. त्याच्यावर पडेल तेवढाच उजेड तो परत देतो. उत्तम गुळगुळीत कागदावरसुद्धा सर्वांत काळ्या शाईत आणि कोऱ्या पांढऱ्यात शंभरपटीच्या आसपासच अंतर साधते. निरांजनाची ज्योत कागदावर पेटत नाही. ती पेटल्याचा भास हवा असेल तर भोवतालचा अंधार योग्य राखावा लागतो. जुने फोटोग्राफर हाताच्या सावलीने करीत ते हेच.

दुसरे लक्षण : आकाशात किंवा भिंतीवर पट्टे दिसतात. सूर्यास्ताचे आकाश निळ्यापासून केशरीपर्यंत अलगद बदलावे, त्याऐवजी नकाशातील समोच्च रेषांसारखे थर दिसू लागतात. याचे कारण शाळेच्या भाषेत सांगणे सोपे आहे. परीक्षेत मुलांना शंभरपैकी गुण दिले आणि नंतर त्यांच्या जागी अ, ब, क, ड अशा श्रेणी लिहून मूळ गुणपत्रक फाडून टाकले, तर एकसष्ट आणि एकोणसत्तर गुणांची मुले एकाच श्रेणीत जातात. आणि उद्या कोणी कितीही हुशार गणिती आणला तरी त्या श्रेणीवरून गुण परत काढता येणार नाहीत. चांगला कॅमेरा प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मोजू शकतो. यास चौदा बिटांची मोजणी म्हणतात. सर्वत्र चालणारा जेपेग हा प्रकार आठ बिटांचा आहे; त्यात प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या. डोळ्याला पाहावयास २५६ पुरतात. परंतु त्या २५६ वरच पुन्हा उजेड वाढव, सावली उचल, असे खेळ केले की पायऱ्यांमधील फटी उघड्या पडतात, आणि त्याच त्या पट्ट्या. यास्तव चित्रात जी सुधारणा करावयाची ती गुणपत्रकावर करावी, श्रेणीवर नव्हे. म्हणजे रॉ फाईल किंवा सोळा बिटांची टिफ फाईल घेऊन सर्व सुधारणा आधी कराव्या आणि जेपेग सर्वांत शेवटी, एकदाच काढावे.

तिसरे लक्षण : रंग पालटतात. सांगलीच्या हळदीचा गर्द पिवळा फिका होतो, शालूचा रंग विटल्यासारखा दिसतो. प्रत्येक चित्राबरोबर एक छोटीशी ओळखचिठ्ठी असते. त्यातील रंग कोणत्या मापाने मोजले आहेत हे तीत लिहिलेले असते. नव्या फोनांतील पुष्कळ चित्रे डिस्प्ले पी-थ्री या मोठ्या मापाने मोजलेली असतात, तर बहुतेक संगणक व छापखाने एसआरजीबी या लहान मापाने वाचतात. चिठ्ठी शाबूत असेल तर यंत्र हिशेब करून घेते. चिठ्ठी हरवली की मोठ्या मापाचे आकडे लहान मापाने वाचले जातात आणि रंग निस्तेज होतात. गज आणि मीटर यांची गल्लत झाली तर कापड कमी पडते, त्यातलाच हा प्रकार. उपाय असा की चित्र बाहेर देताना ते एसआरजीबीत रूपांतरित करावे आणि ओळखचिठ्ठी जोडलेली ठेवावी. छापखान्याने दुसरे माप मागितले तर तेच द्यावे. आपल्या अंदाजाने काही करू नये.

चौथे लक्षण : चेहरे धूसर होतात आणि मोठे केले की चौकोनी ठोकळे दिसतात. यात विस्तृत प्रकाशाचा दोष नाही. ही चेपाचेपी आहे. जेपेग हा प्रकार चित्राचे आठ-आठ बिंदूंचे चौकोन पाडतो आणि प्रत्येकातील बारीक तपशील थोडा थोडा सोडून देतो. म्हणून फाईल लहान होते. एकदा चेपले तर डोळ्याला कळत नाही. परंतु तेच चित्र चार गटांतून फिरून आले, कोणी त्याची पडदाछबी काढली, कोणी त्यावर शुभेच्छा लिहिल्या, तर दर वेळी नवी चेपणी होते. व्हॉट्सॲपमध्ये फोटो म्हणून पाठविलेले चित्र आकाराने लहान केले जाते. २०२३ सालापासून तेथे एचडी असा पर्याय मिळतो, त्याने हानी कमी होते, थांबत नाही. तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविले तर मूळ फाईल तशीच्या तशी जाते. छपाईचा हिशेबही येथेच सांगून ठेवतो. चांगल्या छपाईस दर इंचाला ३०० बिंदू लागतात. म्हणजे सहा इंच बाय चार इंच चित्राला १८०० बाय १२०० बिंदू हवेत, आणि दीड इंच बाय दोन इंच अशा छोट्या चौकटीला ४५० बाय ६०० पुरतात. गटाच्या मोठ्या चित्रातून एकाच व्यक्तीचा चेहरा कापून काढला तर तेवढे बिंदू उरतात काय, हे आधी मोजावे.

पाचवे लक्षण उलट जातीचे आहे. चित्र फिके पडत नाही, अति होते. डोंगराच्या कडेला पांढरी प्रभावळ दिसते, अजिंक्यताऱ्यावरचे ढग गारगोटीसारखे कठीण वाटतात, आणि वृद्धांच्या मुखावरील सुरकुत्या कोरल्यासारख्या उमटतात. प्रकाशाची मोठी श्रेणी लहान श्रेणीत बसविताना प्रत्येक कोपरा सारखाच उठावदार करण्याचा अट्टहास केला म्हणजे असे होते. सावली ही दोष नाही. माजघर अंधारे होते तर ते थोडे अंधारे दिसावे. त्यातच त्या घराची ओळख असते.

सहावे कारण फोनमधून संगणकात चित्रे उतरविताना घडते. आयफोन २०१७ पासून एचईआयसी या नव्या प्रकारात चित्र ठेवतो. संगणकाला देताना तो ते आपोआप जेपेग करून देऊ शकतो; सेटिंगात 'कीप ओरिजिनल्स' निवडले तरच मूळ चित्र मिळते. तीच गोष्ट गूगल फोटोजची. तेथे 'ओरिजिनल क्वालिटी' आणि 'स्टोरेज सेव्हर' असे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गाने गेलेले चित्र चेपले जाते. हे दोन पर्याय आज रात्री घरी जाऊन प्रत्येकाने पाहावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

येथवर चित्र बाहेर देण्याचा विचार झाला. आता जतनाकडे वळू. आपल्या साताऱ्यात ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. जमिनीच्या कज्ज्यांत अस्सल आणि नक्कल हा भेद आपल्या पूर्वजांना पक्का ठाऊक होता. अस्सल पेटीत, नक्कल कचेरीत, असा रिवाज असे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात राहून जुनी कागदपत्रे व चित्रे जमविली. या मंडळींना जे मिळाले ते कोणा घरंदाज माणसाने दप्तर बांधून ठेवले होते म्हणून मिळाले. छायाचित्राबाबतही हाच नियम. फोनाने टिपलेली मूळ फाईल ही अस्सल; गटावर टाकलेली, छापलेली, सजविलेली ती सारी नक्कल. नक्कल हवी तितकी काढावी, अस्सलाला हात लावू नये. मघाशी जी निगेटिव्हची पेटी सांगितली ती हीच.

त्या पेटीचे नियम थोडके आहेत. मूळ फाईल जशीच्या तशी ठेवावी, आणि तिच्याशेजारी साध्या श्रेणीचे एक उत्तम जेपेग काढून ठेवावे. आजचा उजेडतक्ता आणखी तीस वर्षांनी कोणते यंत्र वाचील हे सांगता येत नाही. जेपेग मात्र १९९२ पासून जगभर वाचले जात आहे. अस्सल उद्यासाठी आणि जेपेग कोणत्याही दिवसासाठी, असे समजावे. कोणी कॅमेऱ्याने कमी-जास्त उजेडाची तीन-चार चित्रे वेगवेगळी घेऊन जोडीत असेल, तर जोडलेल्या चित्राबरोबर ती सुटी चित्रेही ठेवावीत. उद्या जोडण्याची अधिक चांगली रीत निघेल तेव्हा ती उपयोगी पडतील. घरातील जुनी कागदी छायाचित्रे फोनने भिंतीवरच टिपू नयेत. काचेची चमक त्यात येते. ती चौकटीतून हलक्या हाताने काढून स्कॅनरवर ६०० बिंदूंच्या मापाने टिफमध्ये घ्यावीत. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नये.

दुसरा नियम नावाचा. संदेशातून फोटो म्हणून फिरलेल्या चित्रात मूळ तारीख आणि स्थळ यांची नोंद राहत नाही. म्हणून फाईलच्या नावातच वर्ष, महिना, गाव आणि प्रसंग लिहावा, आणि चित्रात डावीकडून उजवीकडे कोण उभे आहे हे एका साध्या वहीत उतरवून ठेवावे. ते सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवरच हे काम होणारे आहे. ज्या चेहऱ्याला नाव उरले नाही तो चेहरा शाबूत असूनही हरवलेलाच असतो.

तिसरा नियम प्रतींचा. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तीन-दोन-एक असे त्याचे सूत्र रूढ केले. प्रती तीन असाव्या, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक निराळ्या गावी असावी. हे सूत्र अतिशयोक्त वाटणारांनी पुण्याचे उदाहरण आठवावे. आपल्या कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेली प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यास गेली. तिच्या स्टुडिओच्या आवारात जुन्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म ठेवलेल्या होत्या. जानेवारी २००३ मध्ये त्या कोठाराला आग लागली आणि मराठी-हिंदी चित्रपटांची अनेक अस्सले एका दिवसात भस्मसात झाली. ज्या चित्रपटांच्या प्रती अगोदरच सुरक्षित फिल्मवर काढल्या होत्या ते आजही पाहता येतात. ठेव संस्थेची असो वा घरची, ती एकाच छपराखाली असली की तिचे आयुष्य त्या छपराइतकेच.

पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. तो ने-आण करण्याचे साधन आहे, साठवणीचे नव्हे. हार्ड डिस्क घ्यावी आणि दर दिवाळीस घर झाडताना तीही उघडून पाहावी. फायलींची संख्या व एकूण आकार वहीतील आकड्याशी जुळतो का, हे ताडावे. पाच-सहा वर्षांनी सर्व ठेव नव्या डिस्कवर उतरवावी. गूगलसारख्या ठिकाणी ठेवलेल्या चित्रांबाबत एक सूचना आवर्जून करतो. जे वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरले गेले नाही ते आतील मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते, असा नियम त्या कंपनीने २०२३ साली केला. घरातील वडील माणूस गेल्यावर त्याचा फोन कपाटात पडून राहतो. त्याच्या खात्यातील चित्रे दोन वर्षांनी जाण्याचा संभव असतो. वर्षश्राद्धापूर्वी ती उतरवून घेणे हेही एक कर्तव्य समजावे.

आता एका घरची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. सांगलीच्या एका कुटुंबाचा अल्बम २०१९ च्या पुरात गेला. त्या घरातील आजोबांचे एकुलते एक चित्र त्यात होते. स्मरणिकेच्या पानासाठी त्यांनी आम्हाला जे पाठविले ते गटागटांतून फिरून आलेले, अंगठ्याएवढे, ठोकळे पडलेले चित्र होते. आम्ही त्याचा माग उलट काढीत गेलो. ते कोणी पाठविले, त्याला कोणी दिले, असे विचारीत विचारीत साताऱ्यातील त्यांच्या विहिणबाईंच्या घरी पोहोचलो. बारा वर्षांपूर्वी लग्न ठरले तेव्हा सोयऱ्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांची चित्रे आपल्याकडेही असावीत, म्हणून त्यांनी त्या अल्बममधील पाने नीट स्कॅन करून घेतली होती. मोठी टिफ फाईल, नावानिशी, जशीच्या तशी. आजोबांच्या फेट्याची किनारसुद्धा तीत मोजता येते. ते चित्र या अंकात पूर्ण पानावर छापले आहे. तंत्राची मातब्बरी आहेच, परंतु येथे उपयोगी पडली ती एका बाईची आस्था आणि दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत.

यावरून मंडळापुढे आम्ही एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या ज्ञातीत सातारा आणि सांगली यांच्या सोयरिकी जुन्या आहेत. महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि त्याचे पाणी सांगलीच्या घाटाला लागते. सुखदुःखाचा हा संबंध नदीनेच जोडून दिला आहे. तेव्हा प्रत्येक सांगलीकर कुटुंबाने आपल्या चित्रांची एक डिस्क साताऱ्याच्या सोयऱ्यांकडे ठेवावी, आणि प्रत्येक सातारकर कुटुंबाने सांगलीस वरच्या मजल्यावर ठेवावयास द्यावी. दिवाळीच्या फराळाबरोबर ती डिस्क यावी, नवी चित्रे भरून परत जावी. यास निधी लागत नाही, ठराव लागत नाही. डिस्क सोडल्यास पैही लागत नाही. पुढील अंकासाठी छायाचित्रे देताना मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून द्यावी, मागे नावे द्यावीत, आणि सजावट करू नये, एवढी विनंती त्यास जोडतो.

अंकाची पाने किती उजळ छापून येतील हे शेवटी कागद आणि शाई ठरवितील. परंतु त्या पानांवरील माणसे पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांना ओळखू येतील की नाही, हे आज आपण ठरवीत आहोत.